बेअर्न्सडेलचं कीपिंग प्लेस आणि शेतात सापडलेली दगडी कुऱ्हाड : जाण्याआधी काय माहीत असावं?

सेलकरीण :

नमस्कार मंडळी,

मी ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्याच्या गिप्सलँड भागातल्या सेल या गावात राहते. फिजिओथेरपिस्ट आहे, इथल्या नोकरीमुळेच मेलबर्न सोडून इकडे आले. माझ्या घरमालकीण बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचं माहेर मफ्राजवळ, मॅकॅलिस्टर नदीच्या काठचं दुधाचं शेत. परवा त्यांनी मला आत बोलावून बिस्किटांच्या जुन्या डब्यातून एक दगड काढून हातात दिला. तळहातात मावेल एवढा, काळपट हिरवा, एका बाजूला घासून घासून धार आणलेली. धारेचा भाग इतका गुळगुळीत की त्यावरून अंगठा आपोआप फिरतो, आणि बाकीचा दगड मात्र तसाच खरबरीत. त्यांच्या वडिलांना नांगरताना सापडला होता म्हणे. इतकी वर्षं तो घरातच राहिला. आता बाईंना वाटतंय की तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे जावा. मुलं दूर असतात, आपल्यामागे कोणीतरी कचऱ्यात टाकेल ही भीती त्यांना आहे. "तू बेअर्न्सडेलला जाणारच आहेस ना, मग विचारून ये," असं म्हणाल्या.

मी जाणार होते हे खरं. तिथल्या डॅल्महॉय स्ट्रीटवर क्रोवाथनकूलाँग कीपिंग प्लेस आहे, गुनाईकुर्नाई या इथल्या मूळ रहिवाशांचा वारसा जपणारी जागा. आईबाबा इथे आलेत, मुलगी दहा वर्षांची आहे, सगळ्यांनी मिळून जायचा बेत आहे. आता या दगडामुळे नुसतं बघायला जाणं राहिलं नाही.

माझे प्रश्न असे :

दगड सरळ बरोबर घेऊन जावा का, की आधी कळवावं? यात कायद्याचं काही असतं का? तिथे कसं बोलावं, फोटो काढलेले चालतात का? बाबांना इतिहासाची आवड आहे, ते खूप प्रश्न विचारतात आणि मोठ्या आवाजात विचारतात, त्यांना काही सांगून ठेवायला हवं का? मुलीला शाळेत डिजेरिडू आणि ठिपक्यांची चित्रं एवढंच शिकवलंय, तिला तिथे काय दाखवू?

आणि दगड धुवावा का? डब्यात राहून त्यावर मातीचा थर बसलाय.

निवांत_प्रवासी :

धुऊ नका! बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी.

जाण्याबद्दल एवढंच सांगतो. सेलहून बेअर्न्सडेल प्रिन्सेस हायवेने तासाभराच्या आत येतं. ही जागा तिथल्या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या, सहकारी संस्थेची आहे. त्याच संस्थेचं आरोग्य केंद्र आणि बाकी सेवाही चालतात, त्यामुळे मोठ्या शहरातल्या संग्रहालयासारखं तिकीटघर आणि कॅफे असेल असं समजून जाऊ नका. सोमवार ते शुक्रवार यातलाच दिवस धरा आणि निघण्याआधी फोन कराच. गावात कोणाचं निधन झालं, कुणाचा अंत्यविधी असला तर दार बंद असू शकतं. आम्ही गेलो तेव्हा फोन केला होता, म्हणून आमच्याशी बोलायला एक बाई मुद्दाम थांबल्या होत्या. नुसतं फिरून बाहेर पडलो असतो तर अर्ध्या तासात झालं असतं. त्यांच्याशी बोलत राहिलो आणि दुपार कधी झाली कळलं नाही.

जाताना वाटेत स्ट्रॅटफर्ड लागेल. तिथे एव्हन नदीवर नॉब रिझर्व्ह आहे. तुमच्या हातात जो दगड आहे ना, तसल्या कुऱ्हाडींना धार लावल्याच्या खाचा तिथल्या वालुकाश्मात आहेत. आधी त्या बघा, मग पुढे जा.

तांबो_काठचे_मास्तर :

सेलकरीण, तुमच्या घरमालकीण बाईंना माझा नमस्कार सांगा. असे डबे गिप्सलँडच्या किती शेतघरांत पडून असतील याची कल्पना नाही. ते उघडायची इच्छा होणं ही मोठी गोष्ट आहे.

मी बेअर्न्सडेलला शाळेत शिकवलं आणि निवृत्त होऊन इथेच राहिलो. माझ्या वर्गात गुनाईकुर्नाई मुलं होती, त्यांच्या आज्या शाळेत यायच्या. मला जे कळलं ते बरंचसं त्यांच्यामुळे. तुम्हाला एकच गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : तिथे गेल्यावर तुमच्याकडची ती कुऱ्हाड मनात धरून सगळं बघा. प्रत्येक वस्तूपाशी स्वतःला विचारा, हिचा आणि कुऱ्हाडीचा काय संबंध? मग काचेमागच्या सुट्या वस्तू राहत नाहीत, एक अख्खं जगणं दिसायला लागतं.

होडी घ्या. झाडाच्या सालीची होडी. अशा होडीसाठी उभ्या झाडाची साल एका लांब तुकड्यात सोडवायची. कुऱ्हाडीने कड कोरायची आणि पाचरी घालत घालत साल अलगद सुटी करायची. झाडात रस चढलेला असेल तेव्हाच ती नीट निघते, म्हणून ऋतू बघावा लागतो. मग विस्तवावर शेकून मऊ करायची, दोन्ही टोकं मुडपून झाडाच्याच तंतूंनी बांधायची, मध्ये आडव्या काठ्या घालून पोट उघडं ठेवायचं. होडीत ओल्या मातीचा थर देऊन त्यावर विस्तव ठेवत, त्यामुळे रात्री मासेमारी चाले आणि पकडलेला मासा तिथेच भाजता येई. आणि झाड मरत नसे! साल काढलेल्या जागी लांबट व्रण राहतो, कडेने नवी साल ओठासारखी फुगत येते. बेअर्न्सडेलच्याच हॉविट पार्कमध्ये असं होडीचं झाड उभं आहे. मुलीला होडी दाखवा आणि लगेच ते झाड दाखवायला न्या. तिला व्रणाच्या कडेवर हात फिरवू नको म्हणा, नुसतं जवळून बघू दे.

होडीशी त्यांची उत्पत्तीची कथाही बांधलेली आहे. बोरुन नावाचा पेलिकन डोंगरांतून डोक्यावर होडी घेऊन एकटा चालत खाली आला. चालताना त्याला सारखी टकटक ऐकू येत होती, कुठून ते कळेना. समुद्राजवळ, आजच्या पोर्ट अल्बर्टपाशी त्याने होडी खाली ठेवली तर आत टूक, म्हणजे कस्तुरी बदक, बसलेली. ती त्याची बायको झाली आणि त्या दोघांपासून गुनाईकुर्नाईंची पाच कुळं झाली, असं ते सांगतात. ही कथा ते स्वतः सगळ्यांना सांगतात, म्हणून इथे लिहितोय. सगळ्याच कथा अशा सगळ्यांसाठी नसतात. कोणी एखाद्या प्रश्नावर गप्प राहिलं किंवा विषय बदलला, तर तेच उत्तर समजावं आणि पुन्हा विचारू नये. बाबांना एवढं सांगून ठेवा. बाकी त्यांना मनसोक्त विचारू द्या. मोठ्या आवाजाचं काही नाही. खरी आस्था असेल तर ती समोरच्याला कळते.

पाच कुळांपैकी ब्रायाकाउलंग हे सेल-मफ्रा भागातलं. तुमचा दगड त्यांच्या भूमीत सापडला. बेअर्न्सडेल हे ब्राब्रालंग कुळाच्या प्रदेशात येतं, आणि कीपिंग प्लेसला ज्यांचं नाव आहे ते क्रोवाथनकूलाँग म्हणजे पूर्वेकडे स्नोई नदीपर्यंतचे. हे एवढं पाठ करून गेलात तरी बोलणं वेगळं होईल. "ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिनल दगड" असं न म्हणता "ब्रायाकाउलंग प्रदेशात, मॅकॅलिस्टरच्या काठी मिळालेला" असं म्हणा.

आता ढाली. व्हिक्टोरियाच्या ढाली दोन जातीच्या. एक अरुंद, जाड, भक्कम लाकडाची, सोट्याचा घाव अडवायला. दुसरी रुंद आणि पातळ, भाल्यासाठी. रुंद ढालीसमोर वाकून, तिरप्या उजेडात बघा. शंकरपाळ्यांच्या ओळी, नागमोडी रेघा, एकाला एक लागून कोरलेल्या. कोरायला पॉसम या झाडावर राहणाऱ्या लहान प्राण्याच्या दाताचा वापर होई. एकेक रेघ वेगळी दिसते, कुठे हात जड पडला, कुठे दात निसटला तेही दिसतं. या भागाची कला ही रेघांची कला आहे. मुलीला हेच दाखवा. ठिपक्यांची जी चित्रं तिने पाहिलीत त्यांचा उगम इथून खूप लांब, वाळवंटातल्या पापुन्या या वस्तीत, १९७१ च्या सुमारास त्या रूपात पुढे आला. डिजेरिडू तर उत्तरेकडचं वाद्य. इथलं वाद्य विचाराल तर झाडाचं पान! लेक टायर्स या गिप्सलँडमधल्या मिशनवस्तीच्या लोकांचा पानं वाजवणारा वाद्यवृंद १९२०-३० च्या दशकांत गाजलेला होता. निलगिरीचं पान ओठांना लावून सूर काढायचा. दहा वर्षांच्या मुलीला हे सांगून बघा, घरी येईपर्यंत ती प्रत्येक झाडाखाली थांबेल.

यानंतर जे येतं ते सोपं नाही, पण ते टाळू नका. गिप्सलँडला गोरे पशुपालक १८४० च्या सुमारास आले. जुलै १८४३ मध्ये रोनाल्ड मॅकॅलिस्टर नावाच्या तरुण वसाहतवाल्याचा खून झाला, आणि त्याचा सूड म्हणून अँगस मॅकमिलनच्या पुढाकाराने घोडेस्वारांची टोळी वॉरिगल क्रीकला गेली. तिथे पाणवठ्याला असलेल्या ब्राटाउलंग (पाच कुळांपैकीच एक) लोकांना त्यांनी घेरून मारलं. बळींचे अंदाज साठापासून दीडशेच्या पुढे जातात. तुमच्या बाईंच्या माहेरची मॅकॅलिस्टर नदी रोनाल्डच्याच काकांच्या, लॅक्लन मॅकॅलिस्टरच्या नावाची आहे. मॅकमिलनच्या स्मरणार्थ उभारलेले दगडी स्तंभ या प्रदेशात ठिकठिकाणी आहेत. त्याच्या नावाचा लोकसभेचा मतदारसंघही होता, तो २०१९ च्या निवडणुकीपासून मोनाश झाला. माझ्या वर्गातल्या मुलांना हे स्तंभ शाळेच्या सहलीत दाखवले जायचे. एका मुलाची आजी मला शांतपणे म्हणाली होती, "आमच्या माणसांचा दगड कुठे आहे?" मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

मग मिशनचा काळ. १८६१ मध्ये जॉन बल्मरने लेक टायर्सला मिशन सुरू केलं, १८६३ मध्ये मोरेव्हियन मिशनरी हागेनाउअरने रामाह्यक. तिथे भाषेवर, समारंभांवर, फिरण्यावर बंधनं होती. पुढे १८८६ च्या कायद्याने तर ज्यांच्यात गोरं रक्त मिसळलेलं होतं अशा बहुतेक धडधाकट तरुणांना मिशनबाहेर काढलं, म्हणजे घरंच्या घरं फुटली. रामाह्यक १९०८ मध्ये बंद झालं आणि तिथली माणसं लेक टायर्सला आणली. १९२४ मध्ये मेलबर्नजवळची कोरांडर्क ही अशीच वस्ती बंद झाली, तिथलीही बरीच माणसं इकडे आली. नंतर सरकारला लेक टायर्ससुद्धा बंद करायचं होतं, पण लोक हटले नाहीत. १९६३ मध्ये मेलबर्नच्या रस्त्यावर मोर्चा निघाला, अ‍ॅबोरिजिनल नेते पास्टर डग निकल्स त्यात पुढे होते. जुलै १९७१ मध्ये ती जमीन रहिवाशांच्या ट्रस्टला कायद्याने परत मिळाली. ऑक्टोबर २०१० मध्ये फेडरल कोर्टाने गुनाईकुर्नाईंचा नेटिव्ह टायटल, म्हणजे आपल्या भूमीवरचा परंपरागत हक्क, मान्य केला.

मिशनच्या काळातले जुने फोटो पाहाल तेव्हा लक्षात ठेवा, त्यातली माणसं आज तिथे काम करणाऱ्यांची पणजी-पणजोबा असू शकतात. फोटोंचे फोटो काढू नका. बाकी कशाचा काढायचा असेल तर त्या त्या वेळी विचारा. दिवंगतांचं नाव आणि चेहरा हा बऱ्याच कुटुंबांत हळवा विषय असतो. वडीलधाऱ्यांना तिथे आंटी आणि अंकल म्हणतात. तुमची ओळख त्या नावाने करून दिली तर तुम्हीही तसंच म्हणा, आपणहून सुरुवात करू नका.

दगडाबद्दल : आधी फोन करा आणि तो घरीच ठेवून जा. पहिल्या भेटीत दगड टेबलावर ठेवून "हा घ्या" असं करू नये. त्यांना ठरवू द्या कोणी, कुठे, कसा घ्यायचा. या प्रदेशात वारशाची कायदेशीर जबाबदारी गुनाईकुर्नाई लँड अँड वॉटर्स अ‍ॅबोरिजिनल कॉर्पोरेशन या संस्थेकडे आहे, सगळे तिला ग्लावॅक म्हणतात. व्हिक्टोरियात २००६ चा अ‍ॅबोरिजिनल हेरिटेज कायदा आहे. अशी वस्तू सापडली तर सरकारकडे कळवावं लागतं, आणि परवान्याशिवाय ती विकता, विकत घेता किंवा राज्याबाहेर नेता येत नाही. घाबरू नका. जुनी वस्तू स्वतःहून पुढे आणणाऱ्या माणसाला कोणी दरडावत नाही, माझा तरी अनुभव चांगलाच आहे.

खडकवाला :

मास्तरांच्या प्रतिसादाला माझी छोटीशी पुरवणी. मी भूगर्भशास्त्रातला आहे, आणि दगड न धुण्याचं कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुकनजवळ क्लॉग्ज केव्ह नावाची गुहा आहे, गुनाईकुर्नाईंच्याच भूमीत. १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जोसेफिन फ्लड यांनी तिथे उत्खनन केलं होतं. अलीकडे ग्लावॅकच्या सांगण्यावरून आणि त्यांच्या देखरेखीखाली मोनाश विद्यापीठाच्या लोकांनी पुन्हा काळजीपूर्वक काम केलं. तिथे एक लहानसा दळायचा दगड मिळाला, सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर बोगाँग पतंगांचे अवशेष दिसले. हे पतंग उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर लाखोंनी जमतात, ते भाजून खात असत हे वडीलधारे सांगतच होते. त्याचा पुरावा एका दगडाच्या पृष्ठभागावर टिकून होता. तो दगड कोणी नळाखाली धरला असता तर?

त्याच गुहेत याहून थक्क करणारी गोष्ट मिळाली. दोन लहान चुली, प्रत्येकीत कॅस्युरिना झाडाची एक काठी, टोक किंचित जळलेलं आणि त्यावर चरबीचा अंश. एकीचं वय सुमारे ११,००० वर्षं, दुसरीचं १२,०००. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड हॉविट या मानववंशशास्त्रज्ञाने गुनाईकुर्नाई मंत्रविद्या जाणणाऱ्यांचा एक विधी लिहून ठेवला होता, त्यात अशीच चरबी लावलेली काठी विस्तवापाशी रोवायची. २०२४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीपासून एकच कृती माणसाकडून माणसाकडे आली! मी हे वाचलं त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

तर सेलकरीण, दगड मऊ कागदात किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळा. तेल लावू नका, त्यावर पेनाने काही लिहू नका, धार करून बघू नका (लोक करतात, म्हणून लिहितोय). प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका. बिस्किटांचा डबासुद्धा टाकू नका, त्यावर काही लिहिलेलं असलं तर तेही उपयोगी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जागा. बाईंना विचारा : कोणता पॅडक (कुंपण घातलेला शेताचा तुकडा), नदीपासून किती लांब, उंचवट्यावर की सखल भागात, जवळ जुनं झाड होतं का, आणखी दगड निघाले होते का, नांगर साधारण कोणत्या वर्षी फिरला. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या किंवा रेकॉर्ड करा. जागा माहीत नसलेली कुऱ्हाड म्हणजे नुसता देखणा दगड उरतो. जागा माहीत असली की त्या माळावर कोण राहत होतं, पाण्याला कुठे उतरत होतं, याचा धागा मिळतो. ही माहिती आज फक्त त्या बाईंच्या डोक्यात आहे, म्हणून घाई याचीच करा.

दगड कुठला, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. हिरवट म्हणालात म्हणून कोणी लगेच लँसफील्डजवळच्या माउंट विल्यमचं नाव घेईल. तिथली ग्रीनस्टोनची खाण प्रसिद्ध आहे, तिथले दगड देवाणघेवाणीत शेकडो किलोमीटर गेले. पण पुरातत्त्वज्ञ इझाबेल मॅकब्राइड यांच्या अभ्यासात गिप्सलँडमध्ये ते क्वचितच आढळले. त्या खाणीकडचे कूलिन लोक आणि कुर्नाई, म्हणजे गुनाईकुर्नाई, यांचं वैर होतं, तेव्हा देवाणघेवाणही बेताची. त्यामुळे डोंगरातून वाहत आलेला एखादा कठीण गोटा निवडून त्याची कुऱ्हाड केली असण्याची शक्यता मला जास्त वाटते. खात्री करायची तर दगडाचा पातळ काप काढावा लागतो, आणि तो काढू द्यायचा की नाही हा निर्णय त्याच्या मालकांचा.

सेलकरीण :

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांनी दोनदा वाचला आणि वहीत उतरवून घेतला.

काल रात्री बाईंपाशी बसले. त्यांना सगळं लख्ख आठवतंय. नदीच्या जुन्या वळणाजवळचा पॅडक, तिथे रेड गमचं मोठं झाड होतं, पुढे विजेने पडलं. दगड वडिलांना सापडला तेव्हा त्या शाळेत जात नव्हत्या. मी कागद पुढे केला तर त्यांनी स्वतःच नकाशा काढला : गोठा, कुंपण, नदी, झाड. वडील त्या जागेला "ब्लॅक्स कॅम्प" म्हणायचे, असंही सांगितलं, आणि मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, की म्हणजे वडिलांना माहीत होतं तिथे कोण राहायचं ते, पण घरात त्यावर कोणी कधी बोललं नाही. वॉरिगल क्रीकबद्दल त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं, माझ्या तोंडून. त्यांना वाईट वाटलं, आणि मी सांगितलं हे बरं केलंस असंही म्हणाल्या.

ग्लावॅकला फोन केला. फार आपुलकीने बोलले. दगड घरीच ठेवा, फोटो आणि जागेची माहिती पाठवा, मग पुढचं बोलू असं सांगितलंय. कीपिंग प्लेसचाही दिवस ठरलाय.

आता नवीन प्रश्न. बाईंकडे एक बूमरँगही निघालं. त्यावर तापलेल्या तारेने कांगारू आणि पानं डागून काढलीत, मागे "लेक टायर्स" असं डागलेलं आहे. त्यांच्या आईने लग्नानंतर फिरायला गेली असताना घेतलेलं. हे बाईंना मला भेट द्यायचंय. घेऊ का? त्यालाही तोच कायदा लागतो का? आणि आईबाबांना ते परत जाताना बरोबर न्यावंसं वाटतंय.

तांबो_काठचे_मास्तर :

हे ऐकून फार बरं वाटलं. बाईंचा तो नकाशा जपून ठेवा. त्याची प्रत काढून मूळ कागदही ग्लावॅकला हवा का ते विचारा.

बूमरँगची गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेक्स एन्ट्रन्सहून बोटी भरभरून पर्यटक लेक टायर्सच्या मिशनवर जायचे. लोक बूमरँग फेकून दाखवायचे, पानं वाजवायचे, आणि बूमरँग विकायचे. मिशनवरच्या माणसांना स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवायचा तो एक मार्ग होता. विक्रीसाठीच बनवलेल्या वस्तूंना २००६ च्या कायद्यातली ती बंधनं लागू होत नाहीत. त्यामुळे भेट घ्यायला हरकत नाही.

पण त्याला कमी लेखू नका. "हे तर टुरिस्टांसाठीचं" असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. ज्या काळात या माणसांना कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, कुठे काम करायचं यासाठी परवानगी लागायची, त्या काळात कोणीतरी बसून योग्य वळणाचं लाकूड शोधलं, तासलं आणि त्यावर आपल्या भोवतालचा कांगारू काढला. ते कौशल्य वडिलांकडून मुलाकडे याच वस्तूंमधून टिकलं. कांगारूची पाठ, पानाची देठं काढायची एकेकाची ढब असते. लेक टायर्सच्या कुटुंबांतल्या कोणी ते बघितलं, तर कदाचित हात ओळखतील. म्हणून त्याचेही पुढून-मागून स्वच्छ फोटो काढून कीपिंग प्लेसला दाखवा. त्यांनी ओळखलं, तर ते तिथेच राहावं की तुमच्याकडे, हे तुम्हाला तेव्हाच सुचेल.

देशाबाहेर नेण्याबद्दल : त्यासाठी केंद्र सरकारचा १९८६ चा वेगळा कायदा आहे, आणि जुन्या अ‍ॅबोरिजिनल वस्तूंना निर्यात परवाना लागू शकतो. माझं मत विचाराल तर नेऊच नये. आईबाबांना आज तिथे काम करणाऱ्या कारागिराचं काही घेऊन द्या, पैसे थेट त्यांना मिळतील, आणि वस्तूबरोबर करणाऱ्याचं नावही येईल.

आणखी एक. मिचेल रिव्हर नॅशनल पार्कमध्ये डेन ऑफ नारगन ही गुहा आहे, पाहुण्यांना लोक हमखास सुचवतात. ती बायकांची जागा आहे, गुनाईकुर्नाई बायकांसाठी अतिशय मोलाची. वाट सुंदर आहे, जरूर चाला, पण गुहेत शिरू नका अशी त्यांची विनंती असते, ती पाळा. बाबांना अलीकडेच थांबायला सांगा.

सेलकरीण :

जाऊन आलो. सविस्तर लिहीन, आत्ता ड्यूटीवर आहे.

मुलगी ढालींसमोर खाली मांडी घालून बसली आणि रेघा मोजायला लागली. तिथल्या आंटींनी तिला उठवलं नाही, त्याच तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या. बाबांनी सगळ्यात आधी बोरुनने होडी कुठे ठेवली ते विचारलं आणि त्या हसल्या, म्हणाल्या, तुम्ही गृहपाठ करून आलात. मग त्यांनी बाबांना विचारलं, तुमची नदी कोणती? बाबा त्यावर इतकं बोलले की मलाच काही गोष्टी नव्याने कळल्या.

बूमरँगच्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. नाव सांगितलं नाही. फोटो ठेवून घेतले, घरच्यांना दाखवते म्हणाल्या. मी पुढे काही विचारलं नाही.

दगडासाठी ग्लावॅकचे लोक स्वतः मफ्राला यायचं म्हणतायत, बाईंबरोबर तो पॅडक बघायला. शेत आता दुसऱ्यांचं आहे, त्यांची परवानगी बाईंनीच फोन करून मिळवली. ऐंशीच्या पुढच्या बाई, रोज मला विचारतात की तारीख आली का.

नॉब रिझर्व्ह पावसामुळे राहिलं. या रविवारी जातोय. खडकवाले, तुम्ही ट्रारालगनला असता ना? वालुकाश्मातल्या खाचा मुलीला समजावून सांगायला याल का?

खडकवाला :

येतो. सकाळी दहाला नदीकाठच्या पार्किंगपाशी भेटू. ऊन तिरपं असतं तेव्हा खाचा जास्त स्पष्ट दिसतात, त्यामुळे उशीर नको. हातात धरायचं भिंग मी आणतो, आणि बाई येणार असतील तर घडीची खुर्चीही.